तुझं नाव यादीत हवं

"माझं काय ताई, मशीनवर चाललंय की. आधी पोरीची दहावी होऊ दे, मग बघू ट्रान्सप्लांटचं," असं तू परवा म्हणालीस. माझं तेव्हा बीपी खाली आलेलं, सिस्टर पाय उंच करून सलाइन सोडत होती, म्हणून गप्प बसले. आज डायलिसिसला सुट्टी आहे, डोकं ताळ्यावर आहे. आता ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस.

पुढच्या वेळी डायलिसिस सेंटरमध्ये गेलीस की नजर फिरव. बेडवर पुरुष किती, बायका किती? मग बाहेरच्या बाकांवर बघ. डबा, पाण्याची बाटली, फाइल घेऊन चार-चार तास कोण बसलेलं असतं? 'नोटो'ची, म्हणजे सफदरजंग हॉस्पिटलच्या आवारात जिचं ऑफिस आहे त्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेची आकडेवारी सांगते : १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली, त्यांतली बायकांच्या वाट्याला आली ६,९४५. पाचातली एकसुद्धा धड नाही. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच पुढे. आया, बायका, बहिणी. हा फरक नुसत्या आजारपणानं पडत नाही गं. कायद्यालाही हे ठाऊक आहे. २०१४च्या नियमांत लिहून ठेवलंय, की देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्या, तिची संमती तिच्या मनाची आहे की नाही ते घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. बाईला द्यायला भाग पाडलं जाऊ नये म्हणून नियम झाला. पण बाई घ्यायलाच तयार नसेल तर? त्यावर कुठला नियम करणार! ऑगस्ट २०२५मध्ये नोटोनं राज्यांना सूचना केली, की प्रतीक्षायादीतल्या महिलांना प्राधान्य द्या. चांगलं झालं. पण प्राधान्य यादीतल्या बाईला मिळणार ना? तुझं नाव कुठंय?

मी एकदा सिएटलची हकिगत वाचली होती. अमेरिकेतल्या त्या गावी १९६२च्या जानेवारीत, किडनी कायमची गेलेल्यांसाठी डायलिसिस सेंटर निघालं. मशीन मोजक्या आणि मरणाच्या दारातले रुग्ण पुष्कळ. मग कुणाला मशीनवर घ्यायचं हे ठरवायला गावातल्या सात जणांची समिती बसवली. त्यांची नावं गुप्त. लग्न झालंय का, पोरं किती, कमाई किती, चर्चला जातो का, असलं सगळं बघून ती निवड करायची. त्याच वर्षी 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला आणि बरंच काहूर उठलं. पुढे १९७२मध्ये कायदा होऊन तिथल्या सरकारनं जवळजवळ सगळ्यांच्याच डायलिसिसचा खर्च उचलला, तसं समितीचं काम संपलं.

आपल्याकडे ती समिती अजून बसते, बायकांच्या डोक्यात. सातही खुर्च्यांवर आपणच. पोरीची दहावी, सासूबाईंचा मोतीबिंदू, घराचा हप्ता, नवऱ्याची बदली, सगळ्यांचे अर्ज मंजूर. आपला तेवढा पुढच्या बैठकीत. तुला मी हेच सांगायला बसले आहे. ती समिती बरखास्त कर.

मला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आलं. किडनी म्हणजे का साखरेची वाटी आहे, शेजारणीकडे मागायला? नाहीच आहे. म्हणून तर आधीपासून तयारी लागते.

सुषमा स्वराज आठवतात ना? नोव्हेंबर २०१६. परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी स्वतः ट्विटरवर जाहीर केलं, की किडनी निकामी झाल्या आहेत, एम्समध्ये आहे, डायलिसिस सुरू आहे, ट्रान्सप्लांटच्या तपासण्या चालल्या आहेत. आडपडदा नाही. आपण सोसायटीतल्या बायकांना "जरा अशक्तपणा आहे" म्हणून सांगतो, आणि या बाईनं सगळ्या जगाला सांगितलं! लोकांनी आपणहून किडन्या देऊ केल्या. काहींनी आपला धर्म सांगून विचारलं, चालेल का, तर त्यांनी उत्तर दिलं की किडनीवर धर्माचा शिक्का नसतो. १० डिसेंबरला एम्समध्ये ऑपरेशन झालं, दाता नात्यातला नव्हता. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा मंत्रालयात जाऊ लागल्या. त्यांचं इतकं झटपट झालं तसं तुझं-माझं होईल असं मी म्हणत नाही, तेवढी भाबडी नाही मी. पण सांगितलं म्हणून लोकांना कळलं, एवढं तर घे त्यातून.

माझं म्हणशील तर भावानं हो म्हटलं होतं, तपासणीत त्याची साखर निघाली. बहीण नाही. मग मी यादीत गेले. आणि आता माझी पासष्टी उलटली तरी यादीत आहे, कारण फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्रानं मृत दात्याच्या किडनीसाठी असलेली पासष्टची अट काढून टाकली. त्याच वेळी अधिवासाची अटही गेली. आपल्यासारख्यांना हे फार मोठं आहे बघ. आधार कार्ड साताऱ्याचं, घर गाझियाबादचं, डायलिसिस नोएडात, नवऱ्याचं ऑफिस दिल्लीत. आधी माणूस अधिवासाच्या दाखल्यातच अडकायचा. आता कुठल्याही राज्यात नोंदणी करता येते आणि राज्यांनी तिची फी घ्यायची नाही असंही सांगितलंय. नोंदणी आपली आपण करायची नसते, ट्रान्सप्लांट करणारं हॉस्पिटल करतं. तिथल्या कोऑर्डिनेटरला गाठायचं. नियमित डायलिसिस सुरू होऊन तीन महिन्यांच्या वर झाले की नाव देता येतं. तुझे कधीच झाले. आणि नोटोच्या पद्धतीत डायलिसिसवरच्या दर महिन्याला एक गुण धरतात. नाव घातलंस तरच या महिन्यांचं काही होणार. नाहीतर नुसत्या सुया टोचून घेतल्यास.

यादीवर किती भिस्त ठेवायची, तेही सांगते. २०२३मध्ये अख्ख्या देशात मृत्यूनंतर अवयव दिलेल्यांची संख्या होती १,०९९. एवढ्या मोठ्या देशात! त्यातही तामिळनाडू, तेलंगणा पुढे. आपल्या महाराष्ट्रात बरं चालतं, इथे उत्तरेत फार कमी. म्हणून यादीत नाव घालायचं आणि घरातही विचारायचं, दोन्ही. घरच्यांवर मी येते शेवटी, कारण तुझं घोडं तिथेच अडलंय.

तोवर शरीर राखायचं. किडनी समोर आली आणि अंगात ताप, हृदय दमलेलं, असं झालं तर उपयोग काय? आणि डायलिसिसवरही माणूस उभा राहू शकतो. जयप्रकाश नारायणांची किडनी गेली आणीबाणीतल्या स्थानबद्धतेत. १९७५च्या अखेरीपासून ते मुंबईच्या जसलोकला डायलिसिसवर. तरी २४ मार्च १९७७ला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना त्यांनीच शपथ दिली. त्या काळची मशीन, ती औषधं, आजच्या मानानं काहीच नाही. गेले ते १९७९च्या ऑक्टोबरात. मी राजघाटावरून गेले की मला गांधींच्या आधी ते आठवतात, काय करू.

तर, फिस्चुला, सुया टोचायला शीर धमनीला जोडून केलेला. तो तुझा जीव आहे असं समज. मानेतली नळी किती दिवस ठेवणार? जंतू तिथूनच शिरतात. आता हातात फिस्चुला केलाय, दीड-दोन महिन्यांत शीर फुगेल, तोवर चेंडू दाबत राहा. सकाळी उठल्याबरोबर दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेव. थरथर लागली पाहिजे, मांजर गुरगुरतं तशी. लागली नाही तर चहा ठेवायच्या आधी सेंटरला फोन. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, रक्ताची गुठळी असली तर तासांचा हिशोब असतो. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, भाजीची पिशवी नाही, उशाखाली हात घेऊन झोपणं नाही. लॅबमधला पोऱ्या घाईत तोच हात ओढेल. ओढू देऊ नकोस, भांड.

आणि बांगड्या. हळदीकुंकवाला तुझ्या त्या हातात गच्च हिरवा चुडा बघितला मी. काढ. दुसऱ्या हातात भर हव्या तितक्या. ज्या बाईला त्यात अपशकुन दिसेल तिला माझ्याकडे पाठव. ब्लाउजच्या बाहीला त्या बाजूनं हुक लावून घे, म्हणजे सिटिंगच्या वेळी बाही वर सरकवून आवळत नाही. आपल्याकडचा मास्टर पहिल्यांदा हसला होता, आता न सांगता लावतो.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, कारण टेक्निशियन सगळे 'भैया' आहेत. पाळी आली असेल तर सुया लागायच्या आधी सांगायचं. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये हेपरिन देतात, त्यानं अंगावरून जास्त जातं. सांगितलंस तर डॉक्टरांना विचारून ते कमी करता येतं. आधीच हिमोग्लोबिन आठ-नऊ, त्यात हे. लाजून रक्त घालवू नकोस बाई. आणि हिमोग्लोबिन फार खाली गेलं की रक्ताची बाटली चढवतात, ती ट्रान्सप्लांटची आशा असणाऱ्यानं शक्यतो टाळायची असते. परक्या रक्तानं अंगात अँटिबॉडी तयार होतात, मग जुळणारी किडनी मिळणं अवघड. म्हणून रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोह चुकवायचं नाही. डॉक्टर म्हणालेच की रक्त लागेल, तर घ्यायचं. पण "मी ट्रान्सप्लांटच्या यादीत आहे" हे तोंडानं सांगायचं. हिपॅटायटिस बीची लस झाली का? आपल्याला दुप्पट डोस असतो. कार्ड काढून बघ.

पाण्याचं तर तुला पाठ असेल. "पानी कितना बढ़ा?" हा आपल्या सेंटरचा रामराम. मे महिन्यात दिल्लीत पंचेचाळीस अंश, लू वाहते, आणि आपल्याला मोजून पाणी. तहान पाण्यानं भागत नाही, मीठ कमी केल्यानं भागते, हे मला कळायला वेळ लागला. पापड, लोणचं, फरसाण आणि इथला तो चाट मसाला गेला की अर्धी तहान जाते. बर्फाचा खडा चघळ. छोटी वाटी ठेव, ग्लास नको. आणि 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं ते कुणी प्रेमानं आणून दिलं तरी घरात ठेवू नकोस. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आपल्याला ते विष.

थंडीत शकरकंदीच्या गाड्या लागतात बघ, निखाऱ्यावर रताळी, वर लिंबू आणि कमरख चिरून घातलेलं. ते कमरख, चांदणीसारखं दिसतं ते, किडनी गेलेल्या माणसाला थेट मेंदूवर बाधतं. उचकी लागते, भ्रम होतो, फीट येते, माणसं दगावली आहेत. एक फोडसुद्धा नको. रताळंही नकोच. नारळपाणी, केळं, आमटीचं पाणी, हे तुला डाएटिशियननं सांगितलंय. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. चव जाते, हो. फोडणीत लसूण जास्त घाल. तुझी मशीनची पाळी मंगळ-गुरू-शनि. म्हणजे रविवार, सोमवार सलग दोन दिवस कोरडे, आणि नेमकं रविवारी तुमच्याकडे जेवणावळ. आठवड्यातलं सगळ्यात धोक्याचं अंतर तेच. शनिवारी रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंत जिभेला कुलूप. बाकी दिवशी थोडं इकडे-तिकडे झालं तर मी काही म्हणणार नाही.

इथल्या श्रावणात, म्हणजे आपल्या आषाढात, कावडयात्रेच्या दिवसांत गाझियाबादचे रस्ते बंद होतात. आठवडाभर आधी मशीनची पाळी बदलून घे. एक सिटिंग चुकली तर चुकली असं आपल्यात नसतं.

पैशाचं म्हणशील तर तुम्हाला केंद्राची सीजीएचएस योजना आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. पण तुझ्याकडे काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं विचारत होतीस ना, तिला सांग : सराय काले खांजवळ गुरुद्वारा बाला साहिब आहे, तिथे मार्च २०२१पासून गुरुद्वारा समितीचं किडनी हॉस्पिटल आहे, शंभर मशीनचं, डायलिसिस मोफत. बिलाचा काउंटरच नाही. शिवाय जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री डायलिसिस योजना आहे, २०१६पासूनची. आणि दिल्लीत सरकारी सवलतीची जमीन घेतलेल्या खासगी हॉस्पिटलांना दहा टक्के बेड गरिबांसाठी फुकट ठेवावे लागतात, हायकोर्टाचा हुकूम आहे. हटून बसावं लागतं तेवढं. तुला गावी जायचं असेल तर डायलिसिस-ट्रान्सप्लांटच्या प्रवासाला रेल्वेत सवलत आहे, थर्ड एसीपर्यंत पंचाहत्तर टक्के, सोबतच्या एकालाही. म्हणजे साताऱ्याचं नाव काढलं की "जमायचं नाही" म्हणतेस ते खरं नाही. तिथल्या सेंटरला रिपोर्ट आधी पाठवले की जमतं.

आणि एखादा गोड बोलणारा माणूस हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर भेटेल. "दीदी, डोनर का इंतज़ाम हो जाएगा." २००८मध्ये गुरुग्राममध्ये काय उघडकीला आलं ते विसरू नकोस. मजुरीच्या नावानं आणलेल्या गरिबांच्या किडन्या काढल्या होत्या. तो धंदा पुन्हा पुन्हा वेगळ्या नावानं वर येतो. नंबरसुद्धा घेऊ नकोस.

आता घर.

कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा, आईवडील, भाऊ, बहीण, मुलं, आणि २०११च्या दुरुस्तीपासून आजी-आजोबा, नातवंडं. चुलत-मावस भावंडं, वहिनी, नणंद यात बसत नाहीत, त्यांना परवानगी समितीपुढे जावं लागतं. तुझी मुलगी तर अठराचीही नाही, तिचा विषयच नको. आईला साखर. राहिले नवरा आणि भाऊ.

नवरा तयार आहे, हे तूच म्हणालीस. मग का अडवलंस? "त्यांना काही झालं तर घर कोण चालवणार" ही पुन्हा तीच समिती. केंद्र सरकारचा नोकर आहे तो, अवयव देणाऱ्याला बेचाळीस दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, २०२३पासून. त्याची तपासणी होईल, तीही कडक. जरा शंका आली तरी डॉक्टर नको म्हणतात. मात्र एक लक्षात ठेव. तुझी दोन बाळंतपणं झाली आहेत. पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं, त्या निम्म्याविरुद्ध आईच्या रक्तात अँटिबॉडी राहिलेल्या असू शकतात. त्यामुळे रक्तगट जुळूनही क्रॉसमॅचमध्ये नवऱ्याची किडनी नाकारली जाऊ शकते. जाईलच असं नाही, पण गेली तर रडत घरी येऊ नकोस. अदलाबदल करता येते. तुझा नवरा दुसऱ्या जोडप्यातल्या रुग्णाला, त्यांच्यातला दाता तुला. कायद्यात २०११पासून आहे. कोऑर्डिनेटरला पहिल्याच भेटीत सांगून ठेव, की जमलं नाही तर आमचं नाव स्वॅपमध्ये घाला.

किडनी मिळाली तरी ती आयुष्यभराची औषधं, दर महिन्याच्या रक्ततपासण्या, नाकाला मास्क, दिल्लीचा तो धुरकट नोव्हेंबर, हे सगळं आहेच. आणि अशी किडनी कायमची टिकतेच असंही नाही. तरीही मी मागेन. चार तास छताकडे बघण्यापेक्षा मला रात्री दोन घोट पाणी मोजल्याशिवाय प्यायचंय.

भाऊ. भाऊबीजेला दरवर्षी "काही नको रे" म्हणणारी तू. मला तुझी अडचण कळते. भावाला विचारायचं म्हणजे वहिनीच्या संसाराला हात घातल्यासारखं वाटतं. म्हणून आधी वहिनीशी बोल, भावाशी नंतर. भावाच्या तोंडून तिला कळलं, तर ठरवून झाल्यावर सांगितलं असं तिला वाटेल आणि ती आयुष्यभर विसरणार नाही. तिला सरळ सांग, की मी किडनी मागत नाहीये, तपासणीपुरतं विचारतेय, आणि तू नाही म्हणालीस तर भाऊबीज आहे तशीच राहील. तिला भीती असेल ती बोलू दे. एका किडनीवर माणूस कसा जगतो, शेतात काम करता येईल का, पुढे त्याची दुसरी गेली तर काय, असलं सगळं विचारेल. उत्तर येत नसेल तर ठोकून देऊ नकोस, डॉक्टरांची वेळ घेऊन दे, फोनवर का होईना. तिथे दात्याशी एकट्याशी बोलतात. त्याला मनातून नको असेल तर बरेच डॉक्टर घरच्यांना "तपासणीत बसत नाही" एवढंच सांगतात. हेही वहिनीच्या कानावर घाल, म्हणजे मागे फिरायलाही वाट आहे हे तिला कळेल.

वहिनीला रविवारी फोन करू नकोस. सगळे घरात असतात, स्पीकरवर टाकतात आणि मग तुझी मोठी काकू मध्ये बोलते. सोमवारी अकराला कर, भाऊ तेव्हा शाळेवर कामाला गेलेला असतो.